खाली बसलेली घोडी

मित्रांनो, हातातली ती तेलाची बाटली जरा खाली ठेवा आणि बसा. माझ्या उजव्या गादीवरच्या कोंबडीला मात्र उठवू नका, ती अंड्यांवर आहे आणि फार चिडकी आहे. डावी गादी स्वच्छ दिसते, तरी तिथेही बसू नका. का, ते शेवटी सांगेन. आज खंडेनवमी. नांगर, वखर, विळे, कुऱ्हाडी, सगळ्यांना आज अंघोळ आहे, तेल आहे, झेंडूची माळ आहे. मलाही हौस आहेच. पण अशाच एका खंडेनवमीला मला कुणीतरी फार प्रेमाने तेल लावलं होतं, आणि त्या तेलापायी एका लेकीची तिच्या आईशी भेट कायमची हुकणार होती. ते ऐकून घ्या, मग बाटलीचं काय करायचं ते ठरवू.

मी एक जुनी मोटार आहे. दोन माणसांची, बिनछपराची, पळण्यासाठीच केलेली. माझा जन्म विलायतेत झाला. वरून पत्रा दिसतो, पण आतला सांगाडा लाकडाचा आहे. तो एका म्हाताऱ्या सुताराने शीळ घालत घालत घडवला. त्याने माझी बैठक फार खाली ठेवली. इतकी खाली, की आत बसलेल्याने हात बाहेर सोडला तर बोटांना रस्त्याची धूळ लागावी. असं का, याचा मी खूप विचार केला. वेगात वळताना उलटू नये म्हणून, असं पुढे कळलं. पण त्या बैठकीचा याहून मोठा उपयोग असतो, हे कळायला मला तापीकाठी यावं लागलं.

जहाजातून मी काठेवाडात उतरले, एका लहानशा संस्थानाच्या ठाकोरसाहेबांकडे. तिथला रस्ता सपाट आणि सरळ. ठाकोरसाहेब मला भरधाव पळवायचे आणि लोक दोन्ही बाजूंना उभे राहून वाहवा करायचे. खोटं कशाला बोलू, मला ती वाहवा आवडायची. मग देश स्वतंत्र झाला, संस्थानं गेली, काही वर्षांनी ठाकोरसाहेबही गेले, आणि मला घोड्यांच्या पागेत एका कोपऱ्यात लावून ठेवलं. तिथे मी घोड्यांकडे बघायला शिकले. घोड्याला माशी चावली तर तो कातडी थरथरवतो. नाल टोचली तर पाय उचलून दाखवतो. आपल्याला काय होतंय ते त्याला सांगता येतं. मला याचा फार हेवा वाटायचा.

ठाकोरसाहेबांचा मुलगा इंद्रसिंग मोटारींचा नव्हे, घोड्यांचा वेडा. सारंगखेड्याच्या यात्रेत उत्तम जनावर मिळतं असं ऐकून एका वर्षी तो निघाला, आणि रुबाब दाखवायला मला घेऊन निघाला. दत्तजयंतीचे दिवस होते. तापीकाठी जिकडे बघावं तिकडे घोडे, त्यांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा, भज्यांचा वास आणि धूळ. त्या धुळीतून मला पहिल्यांदा पारवी दिसली.

पारवी म्हणजे सुकलाल पाटलांची घोडी. पारव्याच्या रंगाची म्हणून पारवी. पाटील जवळच्याच गावचे गुजर शेतकरी. घरी कापूस, केळी, ऊस सगळं होतं, पण जीव घोड्यांत. त्यांनी पितळी लोटा पाण्याने काठोकाठ भरला, तो तळहातावर घेऊन पारवीवर मांड टाकली आणि तिला रेवाल चालीत सोडलं. रेवाल म्हणजे अशी चाल, की घोडीचे पाय पळतात पण पाठ हलत नाही. मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाऊन पाटील परत आले, त्यांनी लोटा उलटा केला आणि तेव्हाच पाणी खाली पडलं. मी बघतच राहिले. माझ्या गादीवर कुणी लोटा ठेवला असता, तर पाणी सोडा, लोटाही सापडला नसता.

इंद्रसिंगचं भान हरपलं. तो घोडी मागू लागला. पाटलांनी नकारार्थी मान हलवली, आणि मग घोडीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. माझ्याभोवती फिरले. घोड्याचे दात बघावेत तसे वाकून माझ्या पुढच्या जाळीत डोकावले. डावी गादी दाबून बघितली, आणि पुन्हा दाबून बघितली. मग दोघांनी एका रुमालाखाली हात घातले. यात्रेत सौदा असाच होतो, बोटांच्या खुणांनी, झाकून. रुमाल निघाला तेव्हा पारवी इंद्रसिंगची झाली होती आणि मी सुकलाल पाटलांची.

यात्रेत एकच हशा पिकला. "सुकलालभाऊ, घोडी दिधी आनि डबडं लिधं?" असं ज्याने त्याने विचारून घेतलं. पाटील कुणाला काही बोलले नाहीत. फक्त पारवीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, आणि मी जवळ होते म्हणून ऐकलं, "जाय माय. तुन्हा पाठवर तिले बठता येत नही. हाई डबामा बठाडीसन तिले तिन्ही मायकडे ली जासू." ही 'ती' कोण, या विचारात मी गावात शिरले.

ती म्हणजे जमनाबाई, पाटलांची बायको. त्यांचं माहेर म्हसावद, सातपुड्याच्या पायथ्याशी. काही वर्षांपूर्वी माहेराहून परत येताना खाऱ्या नाल्याच्या उतारावर बैलगाडीचं चाक निसटलं आणि जमनाबाई कमरेवर आपटल्या. हाड जुळलं, पण कंबर नाजूक झाली ती झालीच. घरात, अंगणात त्या काठी टेकत फिरत. पण बैलगाडीचा म्हणा, एस.टी.चा म्हणा, एक दणका बसला की डोळ्यांपुढे अंधारी येई. तेव्हापासून त्यांनी गावाची वेस ओलांडली नव्हती. आणि तिकडे म्हसावदला त्यांची आई, अनुसयाबाई, बाजेला खिळलेली. तिला हलवता येत नव्हतं आणि हिला जाता येत नव्हतं. म्हसावदचं कुणी इकडे आलं की एकच निरोप असे, "जमनाले देखाले मायना जीव अटकेल शे." तो निरोप ऐकला की जमनाबाई उगीचच उठून आत जात.

मला चालवायला शिकवण्यासाठी इंद्रसिंगचा ड्रायव्हर दलसिंग थोडे दिवस राहिला. पाटील लवकर शिकले, पण मला थांबवायचं असलं की पाय ब्रेकवर देण्याऐवजी स्टिअरिंग छातीशी ओढत आणि "होऽ, होऽ" म्हणत. अशाने एकदा मी थेट शेणाच्या उकिरड्यात जाऊन थांबले. गावाची करमणूक झाली. मला राग आला नाही. मला एवढंच वाटत होतं, की शिका बाबा लवकर, मला त्या बाईंना घेऊन जायचंय.

आणि तो दिवस आला. जमनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या, मांडीवर मऊ गोधडी घेऊन डाव्या गादीवर बसल्या. वेशीपर्यंतसुद्धा आम्ही पोहोचलो नाही. गाडवाटेच्या चाकोऱ्यांत माझी चाकं पडली आणि मी उडायला लागले. उडाले की उडतच राहिले. "ओ, थांबा! माले उतारा!" जमनाबाई ओरडल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. घरी आल्यावर भिंतीला टेकून बसत त्या म्हणाल्या, "मन्हासाठे घोडी दिधी तुम्ही? आनि माले इचारं बी नही?" पाटील खाली मान घालून पागोटं काढत राहिले. अंगणात पारवीचा खुंटा तसाच होता.

मित्रांनो, मी अशी का उडत होते? नीट ऐका, हे कळलं तर पुढचं सगळं कळेल. माझ्या चाकांवर पोलादी पट्ट्यांच्या कमानी आहेत. खड्डा आला की कमान दबते आणि मग उसळते. उसळणं हा तिचा धर्म. तिला कुणी आवरलं नाही तर ती पुन्हा दबते, पुन्हा उसळते. तिला आवरणारा जो असतो त्याला शॉकॲब्सॉर्बर म्हणतात. शहाद्याचा पितांबर मिस्तरी त्याला शॉकप म्हणे. माझे मूळचे शॉकप पार झिजून गेले होते. पितांबरने माझ्या पोटाखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि निकाल दिला, "पाटील, हाई घोडीले कमानी शेत, पन लगाम नही."

पितांबर बोलका माणूस. त्याच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं लागे, पण उरलेलं निम्मं कामाचं असे. सुरतेच्या जुन्या बाजारात त्याने दिवसभर धुंडाळून माझ्यासाठी चार शॉकप आणले, आणि ते साधे नव्हते. त्यांचा जोर कमीजास्त करता येत होता. प्रत्येकाला दोन लोखंडी हात, कात्रीसारखे जोडलेले. सांध्यात चकत्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या. चाक उसळलं की हात फिरतात, चकत्या एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यातच उसळी जिरून जाते. मधोमध एक नट आणि त्यावर काटा. पान्याने नट आवळला की मी कडक, सैल केला की मी मऊ. हे चार लगाम माझ्या अंगावर चढले तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. आता मी कशी चालेन, हे बघायची मलाच सगळ्यांत जास्त घाई होती.

पाटलांना गाडीची परीक्षा ठाऊक नव्हती, घोडीची ठाऊक होती. त्यांनी तोच पितळी लोटा काठोकाठ भरून माझ्या डाव्या गादीवर ठेवला. वेशीपर्यंत जायचं, परत यायचं, गादी चाचपायची. पोरं धावत मागे येत आणि ओरडत, "सांडनं का? सांडनं का?" सांडलेलं असे. मग पाना घेऊन पाटील वाकत. पुढचे नट आवळ, मागचे सैल कर. पुन्हा लोटा, पुन्हा वेस. आवळता आवळता एक दिवस असा आला, की लोटा जसा गेला तसा परत आला. पाटलांनी लोटा डोक्याच्या वर धरून सगळ्या गल्लीला दाखवला. ज्यांनी मला डबडं म्हटलं होतं तेही हसून मान डोलवायला लागले. जमनाबाई ओट्यावरून बघत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

ठरलं, दसऱ्याला निघायचं. सीमोल्लंघनाचाच दिवस. म्हसावदहून निरोप आला होता, की माय आता नुसतं दूध घेते आणि दाराकडे बघत असते. जमनाबाईंनी आईसाठी तोच लोटा घासूनपुसून ठेवला. अनुसयाबाई मुळात तापीकाठची लेक. म्हसावदला सगळी हयात काढली, पण पाणी प्यायल्यावर "आमनी तापीनं पानी येगळंच" असं म्हटल्याशिवाय त्यांना राहवत नसे. तेव्हा आईला तापीचं पाणी न्यायचं, असं लेकीच्या मनात होतं.

दसऱ्याचा आदला दिवस, म्हणजे खंडेनवमी. पाटलांचा धाकटा भाऊ लोटन सकाळपासून अवजारं धूत होता. लोटन अंगाने आडदांड आणि मनाने मऊ. वहिनी उद्या या गाडीतून जाणार, म्हणून त्याने मला जरा जास्तच चोळून धुतलं. माझे दिवे पुसले. गळ्यात माळ घातली. मग माझं अंग दोन्ही हातांनी दाबून बघितलं, तसे शॉकप कुरकुरले. त्या चकत्या कोरड्या असतात, कुरकुरणारच. लोटन हळहळला. "कोरडं पडनं बिचारं," तो म्हणाला आणि बैलगाडीच्या आसाला देतात ते एरंडीचं तेल त्याने चारही सांध्यांत घातलं. चांगलं मुरेपर्यंत घातलं. मित्रांनो, मला घोड्यासारखा पाय झटकता आला असता तर! मी गप्प उभी राहिले. कुरकुर थांबली आणि लोटनला फार समाधान वाटलं. त्याने मला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी जमनाबाई बसल्या. मांडीवर तापीचं पाणी, ओटीत आपट्याची पानं. पाटलांचा आता माझ्यावर विश्वास बसला होता, म्हणून त्यांनी मला जरा जोरात सोडलं. वेस ओलांडली. जमनाबाईंनी मागे वळून वेशीला हात जोडले. आणि मला कळायला लागलं, की माझे लगाम निसटताहेत. चकत्या घासत नव्हत्या, नुसत्या सरकत होत्या. खाऱ्या नाल्याचा उतार आला. पहिल्या खड्ड्यात मी दबले, उसळले, पुन्हा उसळले, आडवी होत होत नाल्याच्या कडेला गेले. पाटील स्टिअरिंग छातीशी ओढून "होऽ, होऽ" ओरडत होते. बाभळीच्या खोडाला टेकून मी थांबले. लोटा नाल्यात घरंगळत गेला. जमनाबाईंच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही, आणि त्याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटली.

त्यांना बाजेवर घालून घरी आणलं. मला बैलांनी ओढून आणलं. "घोडीनी कधी असं करं नही," एवढंच पाटील बोलले आणि त्यांनी माझ्याकडे बघायचं सोडून दिलं. माझ्यावर ताडपत्री पडली. माळ सुकून गळून पडली. याच दिवसांत माझ्या आत पहिली कोंबडी आली. अंधारात मी एकच विचार करत होते, की ज्यांच्यासाठी एवढी सुंदर घोडी गेली त्यांना माझ्यामुळे पुन्हा अंथरूण धरावं लागलं. मला फार वाईट वाटत होतं, मित्रांनो.

मार्गशीर्ष लागला. सारंगखेड्याची यात्रा पुन्हा भरणार होती. जमनाबाई आता काठी टेकून उठायला लागल्या होत्या. एका सकाळी पाटलांनी ताडपत्री ओढून काढली. "यात्रामा ली जास हाईले. ज्याले पाहिजे त्यानी ली जावो. माले घोडी पाहिजे," ते लोटनला म्हणाले.

मागून काठीचा आवाज आला. जमनाबाई हळूहळू माझ्याजवळ आल्या आणि माझ्या दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"घोडी देतांना माले इचारं नही," त्या पाटलांना म्हणाल्या. "गाडी लेतांना इचारं नही. आते इकतांना तरी इचारा."

पाटलांनी हातातली ताडपत्री खाली टाकली. मग म्हणाले, "इचारस. सांग, काय करू?"

"पितांबर मिस्तरीले बलावा. वेशीलगून गाडी चांगली चालनी व्हती. मंग नालावर असं काय व्हयनं, ते माले समजाले पाहिजे."

मित्रांनो, इतके दिवस मला शिव्या देणारे खूप भेटले, पण मला काय झालं असेल हा प्रश्न पहिल्यांदा त्या बाईंनी विचारला.

पितांबर आला. त्याने एक शॉकप उघडला आणि तो जवळजवळ किंचाळलाच. चकत्या तेलाने थबथबल्या होत्या. "याले तेल कोनी दिधं? हाऊ कोरडाच घासाले पाहिजे!"

लोटनचा चेहरा उतरला. "मी ते सेवा करी व्हती, वहिनी," तो म्हणाला आणि मोठा बाप्या माणूस असून रडायला लागला. पितांबर नुसता चुळबुळत होता. "मी बी कोनले सांगं नही," तो शेवटी पुटपुटला.

जमनाबाई ओट्याच्या कडेवर टेकल्या. "रडू नको लोटन," त्या म्हणाल्या. "जात्याना खुट्टाले तेल देतस, बराबर. पन जात्याना दोन दगडस्ना मधमा कोनी तेल लावस का? मंग पीठ कसं पडी?"

लोटनने डोळे पुसले. त्याला कळलं. त्याने स्वतःच्या हाताने सगळ्या चकत्या पेट्रोलने धुतल्या, फडक्यावर मांडून उन्हात वाळवल्या आणि कावळा येईल म्हणून शेजारी बसून राहिला. कावळ्याला चकत्यांचं काय काम, पण त्याला कोण सांगणार?

शॉकप पुन्हा चढले. पाटलांनी सवयीने दुसरा लोटा भरून आणला. जमनाबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"पानी सांडनं नही म्हनीसन मन्ही कंबर दुखाव नही, असं तुम्हले कोनी सांगं? लोटाले कंबर शे का? माले बठाडा."

पितांबर आणि पाटील एकमेकांकडे बघायला लागले. खरंच की! पाणी सांडू नये म्हणून त्यांनी मला आवळत नेलं होतं. मी डुलत नव्हते, लोटा हलत नव्हता, पण प्रत्येक बारीक खडा माझ्या गादीतून थेट वर जात होता. लोट्याला तो कळत नव्हता. कंबर असलेल्यालाच तो कळला असता. त्या दिवशी जमनाबाई माझ्यात बसल्या आणि अंगणात, मग गल्लीत, मग वेशीपर्यंत मी बैलाच्या चालीने गेले. "पुढला ढिल्ला करा," त्या सांगत. "इतला नही. जरासा आवळा. आते मांगे दणका लागस, डावी बाजूले." पाटील पाना घेऊन वाकत, उठत, पुन्हा वाकत. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. पाटलांना बायको हुकूम सोडते आहे आणि पाटील ऐकताहेत, हा खेळ त्यांना यात्रेपेक्षा बरा वाटला. मला तर प्रत्येक वळशाला नवीन काहीतरी कळत होतं. माझ्या डाव्या अंगाला आणि उजव्या अंगाला वेगवेगळं ओझं असतं, हे मला विलायतेतसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी एका फेरीनंतर जमनाबाई काही बोलल्याच नाहीत. पाटील घाबरून बघायला लागले, तर त्या डोळे मिटून हसत होत्या.

दत्तजयंतीला सगळं गाव सारंगखेड्याकडे निघालं आणि आम्ही तिघं पाठ फिरवून म्हसावदकडे. खाऱ्या नाल्याशी पाटलांनी मला थांबवलं, ब्रेक दाबून. "मांगला जरासे ढिल्ला करा," जमनाबाई म्हणाल्या. पाटील उतरले, नट फिरवले, चढले. मी दबले, उसळले, आणि चकत्यांनी माझा हात धरला. एकच हेलकावा. आम्ही पलीकडे गेलो. जमनाबाईंच्या मांडीवरचा तापीच्या पाण्याचा लोटा हिंदकळला होता, लुगडं भिजलं होतं, निम्मं पाणी सांडलं होतं. त्या ओल्या लुगड्याकडे बघून हसायला लागल्या. "पानी सांडनं," त्या म्हणाल्या, "मी नही सांडनू."

शहादं गेलं, गोमाई नदी गेली, सातपुडा जवळ येत गेला. म्हसावदच्या गल्लीत मी शिरले तेव्हा जमनाबाईंचा भाऊ झिपरू धावत आला. आणि तिथे एक अडचण उभी राहिली, जी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. जमनाबाईंना माझ्यातून उठता येईना. मी फार खाली. बसताना दोघांनी धरून बसवलं होतं, पण एवढ्या प्रवासानंतर कंबर आखडली होती आणि उठवायला हात लावला की कळ निघत होती. आई भिंतीपलीकडे आणि लेक दारात. झिपरू रडवेला झाला. पाटलांनी कपाळाला हात लावला. मला त्या म्हाताऱ्या सुताराचा भयंकर राग आला.

"माले काढू नका," जमनाबाई म्हणाल्या. "मायनी बाज आठे लया."

चौघांनी अनुसयाबाईंची बाज उचलून बाहेर आणली आणि माझं दार उघडून माझ्या शेजारी टेकवली. मित्रांनो, मी बघतच राहिले. बाज आणि माझी गादी, दोन्ही एकाच उंचीवर आल्या. जणू एकच अंथरूण. जमनाबाईंनी नुसता हात पुढे केला आणि तो आईच्या गालाला लागला.

"जमना, तू उनी?"

"उनू ना माय."

मग अनुसयाबाईंनी माझ्या अंगावरून हात फिरवला. त्यांची नजर अधू झाली होती. "हाई काय शे वं?"

"हाई मन्ही घोडी शे, माय."

"असं का? खाले बठीसन ऱ्हास अशी घोडी मी पहिलींदाव देखी."

सगळे हसले. झिपरू हसला, पाटील हसले, आणि हसता हसता पाटलांनी उपरण्याने डोळे पुसले. जमनाबाईंनी लोट्यातलं उरलेलं पाणी आईच्या ओठांना लावलं. ती म्हातारी सावकाश सगळं प्याली, पण "आमनी तापीनं पानी" असं काही म्हणाली नाही. तिने लेकीचं ओलं लुगडं मुठीत धरलं आणि दुपारभर सोडलं नाही. दोघी काय काय बोलत होत्या, कुणाचं बाळंतपण, कुणाची गाय, कधीची भांडणं. मी जिवाचे कान करून ऐकत होते आणि जराही हलत नव्हते. ठाकोरसाहेबांच्या वाहवेपेक्षा मला ती दुपार मोठी वाटते.

चैत्रात अनुसयाबाई गेल्या. तोपर्यंत आम्ही पुष्कळदा म्हसावदला जाऊन आलो होतो. पुढेही बरीच वर्षं मी धावले. मग माझे भाग मिळेनासे झाले, पाटलांची नजर कमी झाली, आणि मी या खळ्यात येऊन उभी राहिले. उजवी गादी कोंबड्यांची झाली. डावी मात्र जमनाबाई रोज झटकून ठेवतात. दुपारची कामं आटोपली की त्या काठी टेकत येतात आणि जरा वेळ तिथे बसतात. शेजारी एक रिकामी बाज असते, तुम्ही मघाशी तिच्यावर चपला ठेवल्यात ती. त्या फार बोलत नाहीत. बाजेवर हात ठेवून बसतात, एवढंच.

तर मित्रांनो, तुमच्यासारख्या मायाळू माणसांची जगात वाण नाही. लोटनही मायाळूच होता. पण माया करायच्या आधी ज्याच्यावर करायची त्याला विचारून घ्यावं, की बाबा, तुला काय हवं? घोडा पाय उचलून सांगतो. माणसं कधी सांगतात, कधी आत निघून जातात. माझ्यासारख्या वस्तूंना तर वाकून, निरखून, हात लावूनच विचारावं लागतं. तुम्ही आज इतका वेळ बसून ऐकलंत, हे मला विचारल्यासारखंच झालं.

आता उचला बाटली. चाकांजवळच्या त्या चकत्यांना लावू नका, त्या कोरड्याच राहू द्या. डाव्या दाराची बिजागरी गंजली आहे. ते दार ओढायला जमनाबाईंना हल्ली दोन्ही हात लावावे लागतात आणि तेवढ्यासाठी काठी खाली ठेवावी लागते. तेल तिथे लावा, थोडंसंच. आणि बाजेवरच्या चपला काढा. त्यांची यायची वेळ झाली.